एक जूनची माणसं

६ जानेवारी २००३, सोमवार

खताच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी भेट येते आणि दरवर्षी ती स्वयंपाकघरात गडप होते. यंदा मी आधीच उचलली. माजलगावात आजपासून एक मोठं काम सुरू होतंय. पुढे कुणी विचारलं की हे सगळं कसं झालं, तर सांगायला लेखी काहीतरी पाहिजे.

‘शिवारवार्ता’ हे माझं साप्ताहिक. बावीस वर्षं मी एकहाती चालवतो. एकहाती म्हणजे मजकूर मी लिहितो. उत्तरेश्वर गावोगाव अंक पोचवतो आणि येताना तिकडच्या बातम्या आणतो. अंकाच्या घड्या घालणं, गठ्ठे बांधणं, पत्ते चिकटवणं हे मल्लम्मा करते. आता ‘शिवारवार्ता’ इंटरनेटवर जाणार. कल्पना माझीच. तशी ती पहिल्यांदा सूनबाईच्या तोंडून निघाली, पण मी मान डोलावली नसती तर तिथंच राहिली असती.

सूनबाई म्हणजे रुद्राणी. लातूरची, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली. आमचा रवि साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे, गळीत हंगामात तो घरात फक्त झोपायला येतो. त्यामुळे पोरगी दिवसभर रिकामी. तिलाही विरंगुळा होईल.

फोनची तार कॉम्प्युटरला लावली की घरचा फोन बंद पडतो. ही एक अडचण आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज रुद्राणीने प्रोग्रॅम दाखवला. परदेशातल्या कुणी लोकांनी तयार करून फुकट वाटलाय. त्यात नोंदींचे प्रकार करायचे: बातमी, बाजारभाव, निधनवार्ता, माणूस. प्रत्येक प्रकाराचे रकाने वेगळे. नवी नोंद उघडली की जे रकाने आपोआप समोर येतात त्यांना ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

मी म्हटलं, “ज्याच्या नावातच फॉल्ट आहे, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?” रुद्राणी हसली. विनोद चांगला आहे, अग्रलेखात घेईन.

ती म्हणाली, “आप्पा, भरणारा माणूस समोर दिसेल तेवढंच भरतो. जे दिसत नाही ते त्याला आठवतही नाही. आणि फार दिसलं तर तो उठून जातो. म्हणून काय समोर ठेवायचं ते आपण आधी नीट ठरवू या.”

‘माणूस’ हा प्रकार माझ्या डोक्यातला. आपल्या भागातल्या सगळ्या माणसांची नोंद ठेवायची, म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेल्यांना घरबसल्या गावचा माणूस सापडेल. मी मनापासून रकाने काढून दिले. नाव, टोपणनाव, कुलदैवत, रक्तगट, उंची, गुरंढोरं, आवडता रंग असे बरेच. उत्तरेश्वरला बसवून भरायला लावले. रक्तगटापाशी तो थांबला. म्हणाला, “आप्पा, हे भरल्यावर सरकारातनं काय मिळनार हाय का?” नाही म्हटल्यावर चहाला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

रुद्राणीने पाच ठेवले. नाव, गाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, काम, जन्मतारीख. बाकीचे आत लपवून ठेवलेत म्हणे, लागतील तेव्हा काढता येतात. आवडता रंग गेल्याचं मला वाईट वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज नाक कापायची वेळ आली होती.

मोंढ्यातले, म्हणजे आमच्या धान्यबाजारातले, एक जुने आडते परवा वारले. त्यांची निधनवार्ता मी स्वतः लिहिली, भारदस्त लिहिली, आणि इंटरनेटवर टाकली. पण या प्रोग्रॅमला सवय अशी की कुठल्याही नोंदीखाली तो आपोआप पाच तारे काढतो आणि विचारतो, ‘ही नोंद तुम्हाला कशी वाटली?’ संध्याकाळपर्यंत मयताला दोन तारे पडले होते. शिवाय कुणी खाली लिहिलं होतं, ‘छान. असेच पुढे चालू ठेवा.’

त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने ते वाचलं. आमचा फोन इंटरनेटला लागलेला, म्हणून त्याने शेजारी फोन करून आरडाओरडा केला. मी तसाच पायात चपला सरकवून त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर माणसं बसलेली. थोरला मुलगा मला कोपऱ्यात घेऊन गेला. वाटलं, आता झालं. तर तो तोंडावर उपरणं धरून हसत होता. म्हणाला, “आप्पा, दादा आसते तर त्यांनी एकच इचारलं आसतं, माझे तीन तारे कुनी कापले?”

घरी आलो तर रुद्राणीने सगळे प्रकार उघडून ठेवले होते. निधनवार्तेचे तारे काढले, प्रतिक्रिया काढल्या. बाजारभावात तारीख आपोआप आजची पडत होती, तीही काढली. म्हणाली, “भाव परवाचा आणि तारीख आजची असं झालं तर मोंढ्यात मारामाऱ्या होतील.” बरोबर आहे. मलाही हे सुचलं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

‘माणूस’ आज पक्का केला.

मल्लम्मा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. मध्येच म्हणाली, “गाव म्हंजे कोंचं गाव लिवायचं? बाईमान्साला दोन आसत्यात.”

रुद्राणीचे हात थांबले. तिने सासूकडे पाहिलं आणि लगेच सहावा रकाना घातला, ‘माहेर’.

“मंग माझं धर्मापुरी लिवता यील,” मल्लम्मा म्हणाली.

मी तिला समजावलं की ही यादी लांबच्या माणसांना गावचा माणूस शोधता यावा म्हणून आहे. तुला कोण शोधणार, तू तर घरातच असतेस. ती “हां” म्हणाली आणि सूप पुढ्यात ओढलं.

खरा प्रश्न जन्मतारखेचा होता. रुद्राणीने तो रकाना सक्तीचा केला होता. तारीख भरल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नाही. उत्तरेश्वर कागद घेऊन चार गावं फिरून आला, तर निम्म्या लोकांना तारीख ठाऊक नाही. रुद्राणी म्हणाली की सक्ती काढू, रिकामं सोडू. मला ते पटलं नाही. रिकामा रकाना पडक्या दातासारखा दिसतो. आणि यावरचा उपाय मराठवाड्यातल्या प्रत्येक हेडमास्तराने कधीच शोधून ठेवलेला आहे: एक जून. शाळेत नाव घालायला पोरगं आणलं आणि तारीख माहीत नसली की मास्तर एक जून टाकून मोकळे. मी स्वतः एक जूनचा. आमचे माजी सभापती मोहनराव एक जूनचे. मी सांगितलं, तारीख माहीत नसेल तिथे आपोआप एक जून येऊ दे, सालाचा अंदाज विचारून घ्यायचा.

“आप्पा, एकदा विचार करू या का?” रुद्राणी म्हणाली.

विचार मी केलेलाच होता.

२ मार्च, रविवार

महिनाभर लिहायला फुरसत मिळाली नाही, इतकं काम चाललंय. उत्तरेश्वर आठवड्याला कागदांचं बाड आणतो आणि रुद्राणी ते आत चढवते. नांदूरघाटपासून धर्मापुरीपर्यंत नावं आली आहेत.

काल एक गंमत झाली. मुंबईच्या एका माणसाने लिहिलं की शाळेतला मित्र शहादेव तीस वर्षांनी सापडला. पत्ता नव्हता, पण नाव, गाव आणि काम वाचून ओळखला. काम या रकान्यात शहादेवने ‘सनई’ एवढंच लिहून दिलं होतं. आता तो मित्र पोराच्या लग्नात सनईला यालाच बोलावतोय. मी ही हकीकत ज्याला त्याला सांगत सुटलोय. आज मोंढ्यात दोघांना दोनदा सांगितली.

जेवताना मल्लम्माने विचारलं, “माझी नोंद झाली का वो?”

मी म्हटलं, “तुझी घाई काय? आधी गावाची होऊ दे.”

नंतर त्या दोघी, सासू-सून, स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. मल्लम्मा हातवारे करून काही सांगत होती आणि रुद्राणी एकीकडे हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती. बहुधा कांदा.

४ मे, रविवार

बसवजयंती. मिरवणुकीत दहा माणसांनी थांबवून इंटरनेटचं विचारलं. मी एवढा मोठा माणूस कधी झालो?

२५ मे, रविवार

मी बुडालो.

रुद्राणी सकाळी म्हणाली, “आप्पा, एक दाखवायचं होतं.” पहिल्या पानावर ‘आजचे वाढदिवस’ अशी एक चौकट आहे. त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस असेल त्यांची नावं तिथे आपोआप येतात. एरवी एखाददुसरं असतं. तिने कॉम्प्युटरची तारीख पुढे सरकवून एक जून केली आणि पान उघडलं. नावं खाली जाता जाता संपेचनात. सहाशेच्या वर माणसं. सगळी एकाच दिवशी जन्मलेली.

आणि एक जून हा मोहनरावांचा दिवस.

हे लिहून ठेवलं पाहिजे. मोहनराव पंचायत समितीचे माजी सभापती, धरणाखालच्या उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या वाढदिवसाचा विशेषांक निघतो म्हणून ‘शिवारवार्ता’ वर्षभर निघते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. यंदा त्यांना शब्द दिलाय की इंटरनेटवरही पहिल्या पानावर तुम्हीच असाल. आता तिथे अक्षरांच्या क्रमाने महादेव, मारुती, मुक्ताबाई, मैनाबाई आणि मग मोहनराव. मैनाबाई गवऱ्या विकते. तिच्या खाली सभापती!

२६ मे, सोमवार

रुद्राणीला सांगितलं, सगळी नावं काढ, मोहनराव ठेव.

ती शांतपणे म्हणाली, “काढते. पण आणखी कुणाची ठेवायची तेवढं सांगा. तुमचंही एक जूनच आहे.”

ती यादी घेऊन मी बसलो. पहिलं नाव एका पोतराजाचं. त्याने उत्तरेश्वरला म्हटलं होतं की माझं नाव कुठंतरी पहिल्यांदाच छापून येतंय. त्याला कसं काढू? पुढे शहादेव. त्याची हकीकत तर मीच गावभर केली. एकेका नावापाशी थांबत दुपार झाली आणि एकही खोडता आलं नाही. संपादक म्हणून मी भलताच हळवा आहे.

मल्लम्मा पाण्याचा तांब्या ठेवायला आली. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की समदी. वाढदिवस त्यांचा बी हाय न्हवं?”

“त्यांचा खरा नाही गं. तो मास्तरांनी टाकलेला.”

“आन् मोहनरावांचा खरा हाय?”

मी म्हटलं, अर्थात. दरवर्षी माझ्याच अंकात छापून येतो.

२८ मे, बुधवार

मोहनरावांकडे जाऊन आलो. आधी सांगितलेलं बरं असा विचार केला. रुद्राणीही म्हणाली, मी येते बरोबर. बरं झालं आली.

मोहनराव झोपाळ्यावर होते. आत दारापाशी त्यांच्या आई छबुबाई लसूण सोलत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे वय, पण कान तिखट. मी आडवळणाने सगळं सांगितलं. मोहनरावांचा झोपाळा हळूहळू थांबला.

“म्हंजे काय आप्पा? माझा फोटो आन् समद्या पब्लिकची नावं एका पानावर? वाढदिवस माझा हाय का तालुक्याचा?”

“तारीख एकच पडली, मोहनराव. मशीन ती.”

“मशीनला सांगा की मंग! बावीस वर्षं जाहिरात देतो मी. यंदा अंक कसा निघतो तेच बघतो.”

तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं म्हातारीला खोकला आलाय.

“कुनाचा वाढदिवस म्हनतोस रं मोहन्या?” छबुबाई म्हणाल्या. “तू कुठला एक जूनचा! तू झालास तवा आगटी पेटली हुती, हुरडा चालला हुता. सुईणीला आनायला गडी गेला त्यो हुरडा खात तितंच बसला. जूनात हुरडा आसतो का?”

झोपाळ्यावर मोहनरावांचे हात दोन्ही साखळ्यांना तसेच राहिले.

“आई, मंग इतकी वर्षं बोलली कावून न्हाईस? एवढे फोटो, बँड, सत्कार...”

“तू इचारलंस कवा?” छबुबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. “तुमी टाळ्या वाजवत हुता, मी बी वाजवत हुते.”

रुद्राणी उठली, आत जाऊन छबुबाईंपाशी बसली आणि विचारलं, “आजी, हुरडा कुणाच्या शेतातला होता?” म्हातारीने सगळं सांगितलं. विहिरीवरचा पट्टा, मालदांडी ज्वारी, रुसून बसलेली आत्या, सगळं. मोहनराव झोपाळ्यावरून उतरले, दाराच्या चौकटीला टेकले, आणि मग उंबऱ्यावरच बसले. पोट धरून हसायला लागले तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

निघताना म्हणाले, “आप्पा, एक बी नाव काढू नका. समद्यांचा करू. मोंढ्यातलं मोठं शेड घेतो, आमरस-पोळी माझ्याकडनं. पर माईक माझ्या हातात पायजे.”

रस्त्यात मी रुद्राणीला म्हटलं, “पाहिलंस? माणूस कसा हाताळावा लागतो ते.”

“हो आप्पा,” ती म्हणाली.

एक मात्र नवल वाटतं. घरात एवढी मोठी गोष्ट माहीत असलेली बाई, आणि आयुष्यभर तिला कुणी विचारू नये!

३१ मे, शनिवार

आंब्याच्या पाट्याच पाट्या. उत्तरेश्वर सायकलवरून गावोगाव निरोप देऊन आला, घसा बसलाय. मल्लम्माने ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून उन्हात टाकलीय. उद्या पोळ्या लाटायला जायचं, तर एवढी भारी साडी कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, “आसू द्या.”

२ जून, सोमवार

काल जे झालं ते नीट लिहिता येईल का शंका आहे, पण लिहितो.

दहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. बैलगाड्या, टेम्पो, जीपच्या टपावर बसून. ज्यांची नोंद होती ती तर आलीच, नव्हती तीही आली, कारण एक जून सगळ्यांचाच. मोहनरावांनी बीडहून केक आणला होता. तो सभापतींच्या मानाने मोठा होता, पण एवढ्या माणसांपुढे काडेपेटीएवढा दिसायला लागला. मग छबुबाई म्हणाल्या, कापाकापी कशाला, औक्षण करा. आता सगळ्यांचाच वाढदिवस म्हटल्यावर ओवाळायचं कुणी? बायकांनी त्यातून वाट काढली. समोरासमोर दोन रांगा केल्या आणि जो तो समोरच्याला ओवाळायला लागला. गवऱ्यावाल्या मैनाबाईच्या समोर मोहनराव आले. त्यांनी तिला ओवाळलं, तिने त्यांना. माझ्यासमोर पोतराज आला. त्याने माझ्या कपाळावर एवढं कुंकू लावलं की अजून निघालेलं नाही.

मोहनरावांनी माईक घेतला, चांगलं बोलले आणि मुख्य म्हणजे थोडंच बोलले. म्हणाले, “मी एक जूनचा न्हाई. मी हुरड्याचा हाय. हे मला माज्या आईनं परवा सांगितलं.” शेड टाळ्यांनी दणाणलं. मग माईक त्यांनी आपण होऊन रुद्राणीकडे दिला. आमची सून पदर नीट करून उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, “तुमच्या घरात काय सांगतात? तुम्ही खरं कधी जन्मलात?”

पहिला शहादेव उठला. म्हणाला, “मी वाटंत झालो. आई बाजारातनं बैलगाडीत येत हुती. बाप म्हनला, बाजारातनं आनलंय.” माणसं हसली आणि मग कुणी थांबेना. विमलबाई म्हणून एक म्हातारी म्हणाली, “मी आन् म्हस एकाच दिशी झालो. सारी गोठ्याकडं पळाली. म्हशीचं नाव त्याच दिवशी ठिवलं, माझं म्हयन्यानं.” कुणी नवमीचा, कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या तेव्हाचा, कुणी गावात पहिली मोटार आली त्या दिवसाचा. साल कुणाला आठवत नव्हतं, पण बाकी सगळं आठवत होतं.

आणि मग मोरपंखी साडी पुढे आली. मी आधी ओळखलंच नाही.

मल्लम्माने आयुष्यात माईक धरलेला नाही. तिने तो लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, “माझं म्हाहेर धर्मापुरी. दिव्यांच्या आवसेला मी झाले. माझी आई दिवे घासत बसली हुती, समया, निरांजनं, समदं आंगनात मांडलं हुतं. तशीच राखंच्या हातानं ती आत गेली. मी झाले. आता ऱ्हायलेले दिवे कोन घासनार? तर माझ्या बापानं घासले. आमच्याकडं बाप्यानं कदी भांड्याला हात लावला न्हवता. त्यानं समदे घासले, लावले, आन् मला उचलून एकेका दिव्यापशी न्हेऊन दावलं, ह्यो बघ, ह्यो बघ. त्याच्या पुढल्या म्हयन्यात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं. म्हनून साल बी पक्कं हाय, आठ्ठेचाळीस.”

मग बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोहनरावांच्यासुद्धा एवढ्या झाल्या नव्हत्या. रुद्राणी सगळं लिहून घेत होती. मला वाटतं तिला ही गोष्ट आधीच माहीत होती.

घरी येताना मी मल्लम्माला विचारलं, “पस्तीस वर्षांत हे मला एकदाही सांगितलं नाहीस?”

ती चालत राहिली. तिच्या तोंडावर भलताच आनंद होता, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

७ जून, शनिवार

विशेषांक संपला. बावीस वर्षांत पहिल्यांदा परत छापावा लागला. मोहनरावांचा फोटो आहे, पण पहिल्या पानावर दोन रांगा ओवाळताहेत तो आहे. माणसं अंकात आपापली गोष्ट शोधतात आणि दुसऱ्याला वाचून दाखवतात.

९ जून, सोमवार

रुद्राणीने ‘माणूस’ बदलायला घेतलाय. जन्मतारखेची सक्ती काढली. एक जून आपोआप येत होता, तोही काढला. त्याच्या जागी एक मोठा रिकामा रकाना ठेवलाय, ‘जन्माची हकीकत’. त्यात काहीही लिहा, ओळभर लिहा, पानभर लिहा. नसेल ठाऊक तर रिकामा सोडा.

“रिकामा वाईट दिसेल,” मी म्हटलं.

“रिकामा दिसला तर कुणीतरी विचारेल, आप्पा. एक जून दिसला की कुणी विचारत नाही.”

मी म्हटलं, ठेव.

पहिली नोंद मल्लम्माची. आत चढवायला तिने मलाच बसवलं. नाव, गाव, माहेर, सगळं मी टाइप केलं. ‘काम’ या रकान्यात मी ‘गृहिणी’ लिहिणार होतो. रुद्राणीने सासूला विचारलं, “आत्या, काय लिहायचं?” मल्लम्मा म्हणाली, “शिवारवार्ता.” बरोबर आहे. बावीस वर्षं घड्या तीच घालते. मी लिहिलं.

मग ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, “आता तुमचं. तुमी कवा झालात?”

आईला जाऊन पंधरा वर्षं झाली. एक जूनच्या पलीकडे मी कधी गेलोच नव्हतो.

“नांदूरघाटला वन्सं हाईत की,” मल्लम्मा म्हणाली. “त्यांना ठावं आसंल. जाऊ ऐतवारी.”

१५ जून, रविवार

नांदूरघाटला जाऊन आलो.

माझी थोरली बहीण जानकीबाई. मी पोचताच तिने खायला धपाटे आणि दही पुढे केलं आणि मी विचारायच्या आत मल्लम्मानेच विचारलं.

“ह्यो?” जानकीबाई म्हणाली. “ह्यो भोगीचा. आई भोगीची भाजी करत हुती. तीळ लावलेल्या भाकरी तव्यावरच ऱ्हायल्या आन् करपल्या. आमी समद्यांनी करपलेल्याच खाल्ल्या. मी रडले, भाऊ झाला म्हनून न्हाई, भाकरीपायी.”

“आन् साल कोंचं?” मल्लम्मा.

“पोलीस ॲक्शन झाली न्हवं का, तवा आई पोटुशी हुती. पाचेक म्हयन्याची. आमी समदी रानात जाऊन ऱ्हायलोतो. मंग पुढली संक्रांत आली तवा ह्यो झाला.”

मी म्हटलं, “आक्का, असं कसं? शाळेच्या दाखल्यावर सेहेचाळीस साल आहे.”

“त्यो दाखला मास्तरचा!” जानकीबाईला हसू आवरेना. “तू माझ्यामागं शाळंत यायला भोकाड पसरलंस. मास्तरला पट भरायचा हुता. तवा डोस्क्यावरनं हात न्हेऊन कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं धरायचे. तुझा पुरंना. तर मास्तरनं तुझी मान वाकडी केली आन् कान हाताकडं आनला. लागला म्हनला, लिवा.”

मी धपाट्याचा तुकडा हातात धरून बसलो. सगळं आयुष्य मान वाकडी करून मोजलेलं. पण वाईट वाटेना. एकदम अडीच वर्षं परत मिळाली होती, कुणी खिशात आणून घातल्यासारखी.

मल्लम्मा बोटांवर काहीतरी मोजत होती. दिव्यांची आवस, श्रावण, भादवा... पौषाला येऊन तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जानकीबाईकडे पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबला.

“काय झालं?” मी विचारलं.

“म्हंजे मी मोठी,” ती म्हणाली. “वन्सं, मी मोठी!”

दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. शेजारची बाई काय झालं म्हणून डोकावली, तर तिलाही सांगितलं. मी म्हणालो, पाचच महिने. कुणी ऐकलं नाही. पस्तीस वर्षं मी आमच्या घरात मोठा म्हणून वावरलो. ती धाकटी म्हणून गप्प बसली असेल कितीदा, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

परतीच्या एस.टी.त खिडकीजवळ दोन जागा मिळाल्या. मी तिला आत सरकायला सांगितलं तर ती तशीच उभी. तिने माझ्या खांद्याला धरलं, चार लोकांत, आणि म्हणाली, “तुमीच बसा खिडकीला. ल्हान हाईत तुमी.”

मी बसलो. वारा छान लागत होता.